फौजी काकांची स्मरणिका: एका माणसाचं आयुष्य गोळा कसं करायचं

फ्लेक्सवाल्या पोराने काकांना लढाऊ विमानासमोर उभं केलं होतं. चेहरा काकांचा, तोही आधार कार्डावरचा, आणि मानेपासून खाली कुणा कमांडोचं अंग, हातात रायफल. मागे तिरंगा आणि तिरंग्यावरच ठळक अक्षरांत ‘कारगिल वीर सुभेदार’. काका सुभेदार नव्हते, नाईक होते. कारगिलला गेलेच नव्हते. आणि सतरा वर्षांची फौज, मग दुधाचा टँकर, शेवटची दहा वर्षं १०८ रुग्णवाहिका, या सगळ्या काळात त्यांच्या हातात कायम होतं ते स्टिअरिंग.

काकूंनी फ्लेक्स बघितला, चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि मला म्हणाल्या, “मॅडम, ह्यो कोन?”

तिथून हे काम माझ्याकडे आलं. मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. काका आमचे पायलट. १०८ वर ड्रायव्हरला पायलट म्हणतात, पण त्यांना सगळे ‘फौजी’च म्हणायचे, मी ‘काका’. सहा वर्षं आमच्या ड्युट्या बहुतेक एकत्र लागल्या. वर्षश्राद्धाला फ्लेक्सऐवजी छोटी स्मरणिका काढायची असं घरच्यांनी ठरवलं आणि “तुमी शिकलेल्या” या एका कारणावरून लिहायचं मला सांगितलं. मला त्यांची अर्धीच गोष्ट ठाऊक होती, तीही गाडीच्या मागच्या बाजूने, पेशंटशेजारच्या सीटवरून. फौजेतला माणूस मला भेटलाच नव्हता.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं घर शोधावं लागतं. अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. फौजेतून परत येऊन रुग्णवाहिकेवर, दवाखान्यात, अग्निशमनात लागलेलेही पुष्कळ. त्यांच्या घरच्यांना कधी ना कधी असं काही लिहायची वेळ येते. म्हणून मी काय केलं, कुठे आपटले, ते मांडून ठेवते.

आधी ट्रंक, मग माणसं

मी उलटं केलं. आधी वही घेऊन माणसांकडे गेले आणि विचारलं, “काका कसे होते?” पहिल्या संध्याकाळी अकरा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, “देवमाणूस.” एक जण रडला. एकाने चहा दिला. वहीत लिहिण्यासारखं काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी माळ्यावरून काळी ट्रंक काढून दिली. प्रत्येक फौजीच्या घरात असते तीच, पांढऱ्या रंगाने नंबर, रँक आणि नाव लिहिलेली. तुमच्या घरी असेल तर इथूनच सुरुवात करा. उघडल्याबरोबर काहीही उचलू नका. वरून एक फोटो काढा, मग एकेक थर काढत फोटो घ्या. कुठली वस्तू कशाखाली होती, यालाही अर्थ असतो. काकांच्या ट्रंकेत सगळ्यात तळाला, युनिफॉर्मच्याही खाली, अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता, बुटाच्या नाडीने बांधलेला.

ट्रंकेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख, ट्रेड, केलेले कोर्स, मिळालेली मेडल, सेवेतून बाहेर पडल्याची तारीख आणि कारण, हे सगळं त्यात असतं. काका १९९१ ला आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, म्हणजे फौजेच्या पुरवठा-वाहतुकीच्या दलात, ड्रायव्हर म्हणून भरती झाले, बंगळुरूला ट्रेनिंग झालं आणि २००८ ला पेन्शन घेऊन आले. मधली बरीच वर्षं त्यांची गाडी फील्ड ॲम्ब्युलन्सबरोबर होती. फील्ड ॲम्ब्युलन्स हे गाडीचं नाव नव्हे. ती तेव्हा फौजेच्या वैद्यकीय तुकडीची संज्ञा होती, जखमींना पुढून मागे आणणारी आणि वाटेत उपचार करणारी. हे मला पन्नास पानं चाळल्यावर कळलं, तोवर मी ‘काका तेव्हाही रुग्णवाहिका चालवायचे’ एवढंच समजून बसले होते.

बुक सापडत नसेल तर घाबरू नका. प्रत्येक कोरचं, रेजिमेंटचं स्वतःचं रेकॉर्ड ऑफिस असतं. सर्व्हिस कोरच्या ड्रायव्हरांचं बंगळुरूला, मेडिकल कोरचं लखनौला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. अर्ज पत्नीच्या किंवा वारसाच्या नावाने करायचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवायचा. तिथे बसलेले बहुतेक जण स्वतः माजी सैनिक असतात, अर्जात काय राहिलंय ते बघून लगेच सांगतात. मूळ बुक कुणाच्या हाती देऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि परत ट्रंकेत ठेवा.

जन्मतारखेचं मात्र जपून. बुकात काकांची जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींनी शाळेत घालताना दिलेली ती तारीख महाराष्ट्रात लाखभर माणसांची असेल. त्यांच्या आईंच्या सांगण्याप्रमाणे ते बेंदराच्या आधी दोन दिवस झाले. स्मरणिकेत मी दोन्ही लिहिलंय, कागदावरची १ जून आणि आईची बेंदराची.

मेडलच्या कडेला काय कोरलंय ते बघा

सगळ्यात मोठा घोळ इथे झाला, म्हणून जरा थांबून सांगते.

गावात सगळ्यांना पक्कं माहीत होतं की काका कारगिलमध्ये लढले. मुलगा शाळेत तसं निबंधात लिहून आलेला. काकांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचारलं की म्हणायचे, “गाडी चालवत होतो.” आम्हाला तो विनय वाटायचा.

ट्रंकेत पाच मेडल एका पट्टीवर होती. फौजेच्या मेडलच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर, रँक, नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. मेडलला चिंच, राख, पावडर काही लावू नका, कोरलेलं पुसट होतं. रिबन उन्हात ठेवू नका. पट्टीवरचा क्रम बदलू नका, तो क्रमही नियमाने ठरलेला असतो.

आता घोळ. १९९९ च्या लढाईसाठी दोन वेगळी सन्मानचिन्हं आहेत. प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात जे होते त्यांना ‘ऑपरेशन विजय स्टार’. त्या कारवाईसाठी इतर ठिकाणी हलवलेल्या, तयारीत ठेवलेल्या तुकड्यांना ‘ऑपरेशन विजय मेडल’. काकांकडे मेडल होतं, स्टार नव्हता. त्याच्या शेजारी ‘ऑपरेशन पराक्रम’चं, नऊ वर्षं सेवेचं, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं आणि सैन्य सेवा मेडल. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर आडवी धातूची पट्टी असते, कुठल्या भागातल्या सेवेबद्दल मिळालं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तीही वाचा.

मी मुलाला सांगितलं. तो चिडला. “म्हणजे आमचा बाप खोटा?” म्हणाला. खोटं काकांनी काही सांगितलंच नव्हतं, खोटं आपण सगळ्यांनी मिळून रचलं होतं, हे त्याला पटायला दोन दिवस गेले. पटवून मी दिलंच नाही. ते काम राजस्थानातल्या त्यांच्या एका जुन्या जोडीदाराने फोनवर केलं. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात त्यांची तुकडी राजस्थानच्या सीमेकडे हलवली होती. लढाई तिकडेही पेटली तर जखमी आणायला गाड्या तयार हव्यात म्हणून. स्ट्रेचर लावलेल्या, टाक्या भरलेल्या, तोंड रस्त्याकडे करून उभ्या केलेल्या गाड्या. पाण्याचे कॅन ओल्या पोत्यात गुंडाळलेले. इंजिन दर थोड्या वेळाने सुरू करून बघायचं. आठवडेच्या आठवडे. लढाई तिकडे आली नाही, गाड्या रिकाम्याच परत गेल्या. “नाईक साब की गाडी को कभी धक्का नहीं लगाना पडा,” एवढं सांगून तो माणूस गप्प झाला. त्याच्या दृष्टीने यापुढे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि मला एकदम आमची गाडी दिसली. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात कडुनिंबाखाली १०८ कायम उलटी लावलेली असायची, तोंड गेटकडे. किती गर्दी असो, किती दमलेले असोत, काका गाडी रिव्हर्स घेऊनच लावायचे. इतर पायलट सरळ घालायचे. मी सहा वर्षं ते बघितलं, का ते एकदाही विचारलं नाही.

बायकोचं कॅलेंडर

फौजेची वर्षं कागदावर असतात. घराची वर्षं बायकोच्या डोक्यात. दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय आयुष्य उभं राहत नाही. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवून लांब पट्टी केली. वरच्या ओळीत बुकातल्या तारखा, खालच्या ओळीत काकू सांगतील ते.

काकूंना सन सांगता येत नाही. त्या म्हणतात, “भूकंप झाला त्या साली सासऱ्यांनी हीर खणली,” म्हणजे किल्लारी, १९९३. “थोरलीच्या बारशाला आलं न्हाईत, पार फुडच्या दिवाळीला तोंड दाखवलं.” थोरली जानेवारी २००२ ची. संसदेवर हल्ला झाला डिसेंबर २००१ ला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी फौज सीमेवर नेली ती ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच होती. म्हणजे काकू राग धरून जे वर्ष सांगत होत्या, तेच मेडल ट्रंकेत होतं. हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ मेडलकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग तवाच सांगायचं की.”

विचारायची जागा महत्त्वाची. बैठकीत खुर्चीवर बसवून विचारलं की त्या ‘बरं होतं’ असं म्हणतात. स्वयंपाकघरात शेंगा फोडताना बसा, हाताला काम असलं की बोलणं सुटतं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आधी सांगा, मग मोबाइल उपडा ठेवून विसरून जा. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, परत दुसऱ्या दिवशी या. त्याच रात्री ऐकून लिहून काढा, नाहीतर कुठल्या ‘त्यांनी’ काय केलं हे आठवत नाही. त्यांच्या तोंडचे शब्द बदलू नका. फौजींच्या बायका ‘फील्डला होते’, ‘पीसला होते’ म्हणतात. ‘पीस’ म्हणजे जिथे कुटुंब नेता येतं अशी पोस्टिंग. त्याचं ‘शांतता क्षेत्र’ करून टाकलं की काकू गायब होतात.

एक हिशोब जरूर मांडा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, तीही मिळाली तर. काकांचं लग्न १९९६ चं, पेन्शन २००८ ला. झाशीला दोन वर्षं क्वार्टर मिळालं ते सोडलं तर उरली दहा वर्षं. प्रत्येक सुट्टी पूर्ण मिळाली असं धरलं तरी ९०० दिवस. दहा वर्षांच्या संसारात एकत्र राहणं जास्तीत जास्त अडीच वर्षांचं. हे मी स्मरणिकेत एका ओळीत छापलं. कार्यक्रमाला आलेल्या बायकांनी ती ओळ एकमेकींना वाचून दाखवली.

पत्रांबद्दल एक. पत्त्यात ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ दिसेल, ते गाव नव्हे. ते फौजेच्या टपालाचे पत्ते आहेत, त्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही. मी आधी ‘५६ एपीओ येथे नेमणूक’ असं लिहिलं होतं, जोडीदार फोनवर खूप हसला. पत्रांतला मजकूर छापण्याआधी काकूंना विचारलं. त्यांनी एकच पत्र छापू दिलं. बैल विकू नका, मी पैसे पाठवतो, एवढंच त्यात आहे. बाकी गठ्ठा परत नाडीने बांधून ठेवला. तो मी उघडला नाही.

गाडीत त्यांची कुठली वस्तू असायची?

‘कसे होते’ याऐवजी हा प्रश्न विचारा. १०८ च्या लोकांना मी हाच विचारला आणि मग उत्तरं थांबेनात.

आमच्या सेवेबद्दल थोडं. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली ती २०१४ ला. तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड (अतिगंभीर पेशंटसाठी) आणि ७०४ बेसिक, प्रत्येक गाडीत डॉक्टर आणि पायलट. काका पहिल्याच वर्षी लागले. त्याआधी सहा वर्षं दुधाचा टँकर चालवायचे. टँकरबद्दल कुणाला फार काही सांगता आलं नाही आणि मीही दोन ओळींत उरकलंय.

सकाळी आठची ड्युटी, काका साडेसातला हजर. ऑइलची पट्टी काढून पुसायची, परत घालून बघायची. पाणी, बॅटरी, पट्टा. चारही टायरवर पान्याचा एकेक ठोका, आवाजावरून हवा ओळखायचे. दिवे, इंडिकेटर, सायरन एकदा ‘टुक’ करून. मग मागे यायचे. ऑक्सिजनचा काटा बघायचे, स्ट्रेचरची चाकं लॉक होतात का ते दाबून बघायचे. ऑक्सिजन सिलिंडर उघडायची किल्ली त्यांनी सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेवली होती, कारण घाईत ती किल्ली नेमकी सापडत नाही. माझा तर सुरुवातीला जीव जायचा ती शोधताना. सगळं झालं की वहीत वेळ टाकायची आणि म्हणायचं, “फस्ट परेड ओके.”

मला वाटायचं हा त्यांचा विनोद आहे. जोडीदाराने सांगितलं तेव्हा कळलं की फौजेत गाडी रस्त्यावर काढण्याआधीच्या तपासणीला खरोखरच फस्ट परेड म्हणतात. सतरा वर्षं रोज सकाळी, नंतर दहा वर्षं रोज सकाळी. स्मरणिकेचं मधलं पान मी त्या परेडला दिलं, क्रमवार, जशी ते करायचे तशी. शौर्याचं पान नाही. काकूंनी तेच पान फ्रेम करून घेतलंय.

दुसरी वस्तू पायलट सीटच्या मागे, डाव्या बाजूला. एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात काकूंची जुनी सुती पातळं, फाडून, धुऊन, इस्त्री करून घड्या घातलेली. गाडीत प्रसूतीचं किट असतं, सगळं निर्जंतुक, व्यवस्थित. तरीही वाटेत बाळ झालं, नाळ कापून झाली, बाळ रडलं, पुसून झालं, की काका मागे हात करून एक घडी पुढे करायचे. “मऊ आहे, मॅडम.” गाडी तोवर बाजूला थांबलेली. ते मागे वळून बघायचे नाहीत. फक्त हात यायचा.

पेशंटचं नाव नको, गाव नको, तारीख नको

हा भाग १०८ च्या, दवाखान्याच्या, अग्निशमनाच्या माणसांबद्दल लिहिणाऱ्यांसाठी. ज्या दिवशी आपला माणूस मोठा वाटला, तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या घरातला सगळ्यात वाईट दिवस असतो. म्हणून अपघाताचे फोटो छापायचे नाहीत, मोबाइलमध्ये असतील तर पुसून टाका. ओळख पटेल असा तपशील काढा. गाडीचा रंग, ट्रकमधला माल, सणाचा दिवस, यावरूनसुद्धा गावात माणूस ओळखला जातो.

मग उरतं काय? उरतं ते आपल्या माणसाने केलेलं. उदाहरणार्थ मी एवढंच लिहिलं: खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण, रात्र, पाऊस, चार जखमी. एक जण जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि मी नवीन, अर्थातच त्याच्याकडे धावले. काकांनी मागून बॅटरी दुसरीकडे मारली आणि म्हणाले, “ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, मॅडम. गप्प पडलाय त्याच्याकडं आधी.” माझ्या पुस्तकात हे होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. त्या रात्री ते माझ्या डोक्यात नव्हतं.

‘हजारोंचे प्राण वाचवले’ असं लिहू नका. कुणी मोजलेलं नसतं आणि पेशंटला दवाखान्यात उतरवल्यावर पुढे काय झालं हे आम्हाला पुष्कळदा कळतही नाही. त्याऐवजी खरी नोंद असेल ती द्या. काकांची खिशातली वही होती. तिच्यातली एक ओळ अशी: ‘३ केस. १६४ किमी. मागचं डावं चाक बघणे. मॅडम जेवल्या नाहीत.’

शब्द आणि झेंडा

थोडक्यात सांगते, पण चुका इथेच जास्त होतात. घरी आजाराने गेलेल्या माजी सैनिकाला ‘शहीद’ लिहायचं नाही. ‘कै.’ पुरेसं आहे, आणि ‘माजी नाईक’. बढती आपण द्यायची नाही. सर्व्हिस नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, आधार, बँकेचा कागद स्मरणिकेत किंवा व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. पेन्शनरांच्या विधवांना फसवणारे फोन अशाच माहितीवर येतात. डिस्चार्ज बुकाचा फोटो छापायचाच असेल तर नंबरावर पट्टी टाका.

तिरंग्यावर अक्षरं छापायची नाहीत, हे ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. पार्थिवावर तिरंगाही फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच घालता येतो. काका गेले त्या दिवशी पोरं प्रेमाने झेंडा घेऊन आली होती. गावातल्या एका निवृत्त सुभेदार आबांनी ती घडी हळूच आपल्या हातात घेतली, कपाळाला लावली आणि एका पोराला म्हणाले, “घरी नीट ठेवून ये, आम्ही आहोत ना.” मग गावातले बारा माजी सैनिक दोन ओळींत उभे राहिले, कुणी पायजम्यात, कुणी लुंगीवर, आणि सॅल्यूट केला. फोटो कुणी काढला नाही, म्हणून मी ते शब्दांत लिहून ठेवलं.

जे बोललं जात नाही ते

काका आणि मुलगा तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात अग्निपथ जाहीर झाली, पोराला भरतीला जायचं होतं. काकांनी नको म्हटलं. चार वर्षांनी परत आलास तर काय करशील, हा त्यांचा प्रश्न. तुम्हीच ना फौजेने घडवलं म्हणता, हा पोराचा. दोघांचंही खरं होतं. शेवटी पोरगा गेला नाही, आणि तो राग अजून त्याच्यात आहे.

हे लिहायचं का? माझं मत असं की लिहायचं, पण ज्याचं आहे त्याला विचारून. मी परिच्छेद लिहून मुलाला दिला आणि सांगितलं, खोड, बदल, फाड, तुझी मर्जी. आठवड्याने त्याने परत दिला. सगळं ठेवलं होतं, फक्त ‘तीन महिने’च्या जागी ‘चार महिने’ केलं होतं.

छपाई आणि तो दिवस

वहीच्या अर्ध्या आकाराची चोवीस पानं, आतला कागद साधा, अक्षर मोठं, कारण वाचणारे चष्मेवाले. छापण्याआधी तीन माणसांना वाचायला द्या: एक फौजेतला, एक नोकरीतला, एक घरातला. माझ्या तीनही वाचकांनी वेगवेगळ्या चुका काढल्या. फौजीने रँक, पायलटने गाडीचं मॉडेल, काकूंनी नणंदेचं नाव.

वर्षश्राद्धाच्या दुपारी भाषणं ठेवली नाहीत. मंदिराच्या मंडपात सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला द्यायच्या छातीदाबाचं, प्रात्यक्षिक घेतलं. छातीच्या मध्यभागी, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. उशीवर शिकलं तरी हाताला वेग कळतो. पोरांपेक्षा म्हाताऱ्या बायकांचा ताल चांगला होता, जात्यावर बसलेले हात. मग काका प्रत्येक यात्रेत, वारीच्या बंदोबस्तात लोकांना जे सांगायचे ते वाचून दाखवलं. १०८ ला फोन केल्यावर आधी जागा सांगा, नुसतं गाव नको, जवळची खूण सांगा. किती माणसं, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का. फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि रात्री एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा, सगळे पेशंटभोवती गोळा होऊ नका. “घर शोधण्यात जातो तो वेळ गाडी कितीही पळवून भरून निघत नाही,” हे त्यांचं वाक्य. जखमीला मदत केली म्हणून पोलिसांचा त्रास होईल ही भीतीही अजून जात नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, हेही सांगितलं.

प्रती वाटून झाल्यावर उरलेल्यांपैकी एक ट्रंकेत गेली, एक शाळेच्या कपाटात, एक राजस्थानला कुरियरने. जोडीदाराला मराठी येत नाही, नात वाचून दाखवते म्हणाला, लिपी तीच आहे ना.

एक प्रत आमच्या गाडीत ठेवली. नवा पायलट चांगला आहे, तरुण आहे, गाडी अजून सरळच घालतो. परवा काकूंनी आणखी दोन पातळं फाडून, धुऊन पाठवली. पिशवी बघून तो म्हणाला, “डॉक्टर, किट आहे की आपल्याकडं.” मी म्हटलं, असू दे. त्याने ती डिकीत टाकली. मी उतरले, पिशवी काढली आणि त्याच्या सीटच्या मागे डाव्या बाजूला ठेवली, हात मागे केला की लागेल अशी.